आजाचा डोंगर आणि नातवाचा कुंचला

आमच्या सुशिक्षित घरांतून एक चमत्कारिक न्याय चालत असतो. एखाद्या गवयाचा नातू बैठकीस बसला आणि आजानें गाइलेलीच चीज आजाच्याच ढंगानें, त्याच जागा घेऊन गाऊं लागला, म्हणजे श्रोते माना डोलावतात आणि ‘पोरानें घराणें राखलें हो!’ असे धन्योद्गार काढतात. ती चीज त्या नातवानें कोठून तरी ऐकून उचललेली नाहीं, ती त्याला वारशानें व तालमीनें मिळाली आहे, हाच त्याच्या गाण्याचा पहिला गुण गणला जातो. परंतु तेच श्रोते दुसऱ्या दिवशीं चित्रांच्या प्रदर्शनास गेले आणि एखाद्या चित्रकाराच्या नातवानें आजानें काढलेलाच डोंगर पुन्हां काढलेला त्यांच्या दृष्टीस पडला, कीं लगेच त्यांचीं नाकें मुरडतात. ‘ह्यांत नवीन तें काय? ही तर नक्कल!’ असा निकाल एका क्षणांत लागतो. गाण्यांत जें भूषण तेंच चित्रांत दूषण कां व्हावें, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. कारण चित्रकलेविषयींचीं आमचीं मतें आम्ही घरीं पिकविलेलीं नसून परक्या बाजारांतून आयतीं आणलेलीं आहेत.

हा प्रश्न आज काढण्याचें कारण ऑस्ट्रेलियांतील मूळनिवासी लोकांची चित्रकला हें होय. त्या खंडाच्या जवळजवळ मध्यावर आलिस स्प्रिंग्ज नांवाचें गांव आहे. तेथें ‘इल्त्या न्त्यारा’ नांवाचें एक कलाकेंद्र चालतें. ह्या नांवाचा अर्थ ‘पुष्कळ हात’ असा आहे. आल्बर्ट नामात्जिरा ह्या विख्यात चित्रकाराचे नातू, नाती आणि भाऊबंद तेथें बसून आल्बर्टनें रंगविलेलेच तांबडे-जांभळे डोंगर आणि तींच पांढऱ्या खोडांचीं झाडें जलरंगांत रंगवीत आले आहेत. त्यांच्याविषयीं जें मत वारंवार ऐकूं येतें तें असें : मूळ पुरुष प्रतिभावान् होता, वंशज नुसते त्याच्या नांवावर पोट भरीत आहेत. हें मत वरवर पाहतां मोठें रसिकतेचें दिसतें. आमच्या मतें तें अज्ञानाचें आहे; आणि त्याहूनहि वाईट गोष्ट ही कीं, तें एका जुन्या अन्यायाचें शेवटचें टोक आहे. कलावंताला त्याच्या कुटुंबापासून तोडावयाचें आणि मग त्याची कला तोंड भरून वाखाणावयाची, हा तो अन्याय. तो कायद्यानें केला, बाजारानें केला, आणि आतां रसिकताहि तोच करीत आहे.

प्रथम त्या लोकांत चित्र म्हणजे काय वस्तु आहे तें पाहूं. त्यांची श्रद्धा अशी कीं, आद्य पूर्वजांनीं ह्या भूमीवरून संचार केला आणि त्या संचारांत डोंगर, पाणवठे, झाडें व माणसांचे आचार हीं सर्व घडलीं. त्या संचाराची कथा, तिचें गीत, तिचें नृत्य आणि तिची आकृति हीं एकाच गोष्टीचीं चार अंगें होत; आणि तीं ज्याच्या त्याच्या कुळाकडे सोंपविलेलीं असतात. वाटेल त्यानें वाटेल ती आकृति काढावी अशी मुभा तेथें नाहीं. वार्लपिरी लोकांत बापाच्या अंगानें ज्यांस हा हक्क येतो त्यांस ‘किर्दा’ म्हणतात व आईच्या अंगानें ज्यांस येतो त्यांस ‘कुर्दुंगुर्लु’ म्हणतात. पहिल्यास मालक म्हणावें, दुसऱ्यास रखवालदार. आणि रखवालदाराच्या देखरेखीवांचून मालकाच्या हातून विधि यथासांग होत नाहीं. म्हणजे चित्राच्या मागें एक माणूस उभा नसून बापाचें आणि आईचें अशीं दोन्ही कुळें उभीं असतात. आपल्याकडे जमिनीचा मालक कोण हें सातबाराच्या उताऱ्यावरून ठरतें. तेथें तें कथेवरून, गीतावरून आणि आकृतीवरून ठरतें. हा कांहीं नुसता अलंकार नव्हे. १९६३ सालीं यिरकला येथील लोकांनीं आपल्या भूमींत खाण निघणार म्हणून ऑस्ट्रेलियाच्या संसदेकडे दाद मागितली, तेव्हां टंकलिखित अर्ज त्यांनीं झाडाच्या सालीवर चिकटवून भोंवतीं आपापल्या कुळांच्या आकृति रंगविल्या. अर्ज सरकारच्या समजुतीसाठीं होता. सनद त्या आकृतींत होती.

मग अशा आकृतींत ‘नवीन काय?’ असें विचारणें म्हणजे सातबाराच्या उताऱ्यांत नवीन काय, असें विचारण्यासारखेंच आहे. आणि नातू म्हणजे आजाची पुसट प्रत, ही कल्पना तर तेथें मुळींच लागू पडत नाहीं. मध्य ऑस्ट्रेलियांतील नात्यांच्या व्यवस्थेंत माणसास जन्मतःच एक गणनाम मिळतें. ज्या पुरुषाचें गणनाम त्यापाल्त्यारी, त्याचा मुलगा त्युंगुराई होतो. आणि त्या त्युंगुराईचा मुलगा पुन्हां त्यापाल्त्यारीच. क्लिफर्ड पॉसम त्यापाल्त्यारी ह्या प्रसिद्ध चित्रकाराच्या मुली त्या न्यायानें नुंगुराई झाल्या. मुलींच्या नांवाचें पहिलें अक्षर तेवढें बदलतें. थोडक्यांत सांगावयाचें तर तेथें आजा आणि नातू हे एकाच पंक्तीचे. ‘आजा मेला, नातू झाला, घरचीं माणसें बरोबर’ ही म्हण आपण थट्टेनें म्हणतों. तेथें तो नात्यांचा नियमच आहे. आजाचें नांव नातवास ठेवण्याची चाल ज्या महाराष्ट्रांत अजून पुरती गेलेली नाहीं, त्या महाराष्ट्रांतील वाचकांस ही गोष्ट समजण्यास कठीण पडूं नये.

आतां आल्बर्ट नामात्जिराची हकीकत. १९०२ सालीं हर्मन्सबर्ग येथील लुथेरन मिशनच्या वसाहतींत पश्चिम अरंटा लोकांत त्याचा जन्म झाला. १९३६ सालीं रेक्स बॅटरबी नांवाचा गोरा चित्रकार त्या डोंगरांत चित्रें काढीत फिरत होता. आल्बर्ट त्याचा उंटवाला झाला आणि त्या चाकरीच्या मोबदल्यांत त्यानें जलरंगांची विद्या मिळविली. दोनच वर्षांनीं, १९३८ सालीं, मेलबर्न येथें त्याचें पहिलें स्वतंत्र प्रदर्शन भरलें व त्यांतील ४१ चित्रें सारींच्या सारीं खपलीं. पुढें घरोघर त्याच्या चित्रांच्या छापील प्रती लागल्या. १९५४ सालीं राणी एलिझाबेथ त्या देशीं आली तेव्हां तिची भेटहि त्याला मिळाली. त्याचे मुलगे रंगवूं लागले, नात्यांतील पारेरूल्त्या बंधु रंगवूं लागले, आणि एका माणसाच्या विद्येचें एका पिढींत घराणें झालें. परंतु त्या काळचे कलापंडित काय म्हणत होते? ते म्हणत होते कीं, हा मनुष्य गोऱ्यांची नक्कल करितो. ह्यांत मूळनिवासी असें कांहींच नाहीं. वाचकांनीं ही मौज ध्यानांत घ्यावी. आजानें डोंगर रंगविला तर ती गोऱ्यांची नक्कल. नातवानें तोच डोंगर रंगविला तर ती आजाची नक्कल. तो डोंगर त्या दोघांचाच आहे, आणि म्हणून ते दोघे तो रंगवितात, एवढी साधी गोष्ट मात्र दोन्ही वेळां कोणास सुचली नाहीं.

एवढ्या कीर्तीच्या माणसास आलिस स्प्रिंग्जमध्यें जागा घेऊन घर बांधण्याची परवानगी मिळाली नाहीं, आणि गुरें राखण्यासाठीं त्यानें मागितलेला जमिनीचा पट्टाहि मिळाला नाहीं. प्राप्तीवरील कर मात्र त्याच्याकडून वसूल केला जात होता. अखेर १९५७ सालीं सरकारनें त्याला व त्याच्या पत्नीला सरकारी पालकत्वांतून मुक्त करून नागरिकत्वाचे हक्क दिले. देशभर ह्या औदार्याचें कौतुक झालें. परंतु ह्या औदार्याची मेख अशी कीं, तें दोघांपुरतेंच होतें. मुलें पूर्वीप्रमाणेंच सरकारचीं पाल्यें राहिलीं. बाप नागरिक, मुलें पाल्यें. एका चुलीभोंवतीं बसणाऱ्या माणसांत कायद्यानें भिंत घातली. कुटुंबापासून तोडण्याचा हा पहिला प्रकार.

दुसरा त्यांतूनच निघाला. नागरिक झाल्यामुळें आल्बर्टला दारू विकत घेतां येत होती; त्याच्या आप्तांस ती देणें हा मात्र गुन्हा होता. १९५८ सालीं नात्यांतील एका चित्रकारास त्यानें दारू दिली म्हणून त्याच्यावर खटला झाला. शिक्षा सहा महिन्यांची झाली. अपिलांत ती तीन महिन्यांवर आली. आणि १९५९ सालीं पापुन्या येथें त्यानें दोन महिने स्थानबद्धता भोगली. आम्ही दारूचें समर्थन करीत नाहीं. तिनें त्या वस्त्यांत कोणता अनर्थ केला आहे हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु त्या लोकांचा धर्म असा कीं, जें आपल्या हातीं येतें तें आप्तांत वांटावें; न वांटणारा तेथें माणसांत गणला जात नाहीं. आल्बर्टनें आयुष्यभर मिळविलेला पैसा, धान्य, कपडा हीं सर्व अशींच वांटलीं. ज्या एका वस्तूच्या बाबतींत सरकारनें त्याला आप्तांहून निराळें ठरविलें, त्या वस्तूच्या बाबतींतहि तो निराळा वागला नाहीं. हाच त्याचा अपराध. सुटून आल्यावर थोड्याच दिवसांनीं, १९५९ च्या ऑगस्टांत, तो वारला. आलिस स्प्रिंग्जच्या स्मशानांत त्याला पुरण्यांत आलें.

तिसरा प्रकार मेल्यानंतरचा, आणि तो कागदावर झाला. १९५७ सालींच आल्बर्टनें लीजंड प्रेस ह्या छापखान्याशीं करार करून आपल्या चित्रांच्या प्रती छापण्याची परवानगी दिली होती. उत्पन्नाचा आठवा हिस्सा त्याला मिळावा असें त्यांत ठरलें. त्याच्या पश्चात् मिळकतीची व्यवस्था नॉर्दर्न टेरिटरी सरकारच्या विश्वस्त खात्याकडे गेली. आणि त्या खात्यानें १९८३ सालीं सर्व चित्रांचा कॉपीराइट त्याच छापखान्यास ८,५०० डॉलरांस कायमचा विकून टाकला. मुलानातवंडांस त्या वेळीं कोणी विचारलें नाहीं. त्या दिवसापासून आजाच्या चित्राची प्रत कोठेंहि छापली गेली तरी तिचा एक पैसाहि नातवंडांच्या हातीं येईना. २०१३ सालीं आल्बर्टचीं दोन नातवंडें लंडनला जाऊन ज्या राणीस आजा भेटला होता त्याच राणीस भेटून आलीं. परंतु आजाच्या चित्रांवर त्यांचा हक्क तेव्हांहि नव्हता. ह्याला आमच्या भाषेंत ‘आयत्या बिळावर नागोबा’ असें म्हणतात. पुढें लोकमत जागें झालें, एका दानशूर उद्योजकानें अडीच लाख डॉलरांची देणगी देऊन मध्यस्थी केली, आणि २०१७ च्या ऑक्टोबरांत तो कॉपीराइट नामात्जिरा कुटुंबासाठीं स्थापलेल्या न्यासाकडे एका डॉलरास परत आला. चौतीस वर्षांनीं परत आला, आणि परत आला तोहि किती काळासाठीं? कायद्याप्रमाणें चित्रकाराच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षांनीं हा हक्क संपतो. म्हणजे २०२९ अखेर तो कोणाचाच राहणार नाहीं. घरचा ऐवज घरीं आला तो बारा वर्षांचा पाहुणा म्हणून!

येथें कोणी कायदेपंडित म्हणेल कीं, जें झालें तें कायदेशीर झालें; विश्वस्तास विकण्याचा अधिकार होता, छापखान्यानें दाम मोजले, मग ओरड कसली? ह्यास उत्तर त्याच देशाच्या न्यायालयांनीं देऊन ठेविलें आहे. मूळनिवाशांच्या कित्येक चित्रांची छाप उठवून व्हिएतनामांत गालिचे विणविले गेले आणि ते ऑस्ट्रेलियांत विकावयास आले. चित्रें आठ जणांचीं होतीं. त्यांपैकीं पांच जण वारले होते. हयात असलेल्यांत बांडुक मारिका ही बाई होती. कुळाची पवित्र आकृति काढण्याची विद्या व परवानगी तिला बापाकडून मिळालेली. आणि ती आकृति गालिच्यावर, म्हणजे लोकांच्या पायांखालीं गेली. तिच्या नकळत हें घडलें असलें तरी कुळापुढें जबाबदार तीच. १९९४ सालीं निकाल झाला तेव्हां न्यायमूर्तींनीं कलावंतांस १,८८,६४० डॉलर देवविले आणि नुकसानीची मोजदाद करितांना त्यांच्या समाजांत त्यांना जी मानहानि सोसावी लागली तीहि धरली. चार वर्षांनीं, १९९८ सालीं, बुलुन बुलुन ह्या चित्रकाराच्या खटल्यांत त्याच न्यायमूर्तींनीं आणखी एक पाऊल टाकलें. चित्राचा कॉपीराइट कुळाच्या मालकीचा आहे असें ते म्हणूं शकले नाहींत, कारण कायदा मालक म्हणून एका माणसासच ओळखतो; परंतु चित्रकार हा आपल्या कुळाचा विश्वासू आहे आणि कुळाच्या हिताविरुद्ध त्या हक्काचा उपयोग त्याला करतां येणार नाहीं, एवढें त्यांनीं मान्य केलें. जो हक्क खुद्द चित्रकारासहि कुळाविरुद्ध वापरतां येऊं नये, तो परक्या खात्यानें ८,५०० डॉलरांस फुंकला, हें कोणत्या तोंडानें न्याय्य म्हणावयाचें? आणि सरकार स्वतः तरी ह्या बाबतींत कोठें सोंवळें होतें? १९६६ सालीं एक डॉलरच्या नोटेवर डेव्हिड मलांगी ह्या चित्रकाराच्या सालीवरील चित्राचा उपयोग त्याला न विचारतांच करण्यांत आला. मागाहून त्याला हजार डॉलर, एक पदक आणि मासेमारीचें साहित्य देऊन समजूत घालण्यांत आली.

बाजाराची गोष्ट ह्याहून निराळी नाहीं. ज्या पापुन्या येथें आल्बर्टनें शिक्षा भोगली तेथेंच बारा वर्षांनीं, १९७१ सालीं, वडीलधाऱ्या मंडळींनीं शाळेच्या भिंतीवर मधाच्या मुंग्यांच्या कथेचें चित्र काढलें, आणि ठिपक्यांच्या ज्या चित्रांनीं पुढें जग मोहून गेलें त्यांचा उगम झाला. त्यांतील जॉनी वारंगकुला ह्या चित्रकारानें १९७२ सालीं काढलेलें पाण्याच्या कथेचें एक चित्र १५० डॉलरांस गेलें होतें. तेंच १९९७ सालीं लिलावांत २,०६,००० डॉलरांस व २००० सालीं ४,८६,५०० डॉलरांस गेलें. ह्या दोन्ही विक्रींतून कायद्यानें चित्रकारास कांहीं देणें लागत नव्हतें. आणि पुढल्याच वर्षीं तो वारला. मध्य ऑस्ट्रेलियांत मेलेल्या माणसाचें नांव कांहीं काळ उच्चारीत नाहींत. घरचीं माणसें मुकीं राहतात. लिलावाच्या दिवाणखान्यांत मात्र तेंच नांव मोठ्यानें पुकारलें जातें, कारण नांवालाच किंमत आहे! पुढें २००९ सालीं कायदा झाला आणि २०१० पासून अशा पुनर्विक्रीच्या किंमतींतून शेंकडा पांच चित्रकारास किंवा त्याच्या वारसांस मिळूं लागले. उशिरां कां होईना, वारस म्हणून कोणी असतो एवढें बाजारास कायद्यानें शिकविलें, ही चांगली गोष्ट झाली. शेंकडा पंचाण्णव कोणाकडे जातात हें मात्र निराळें सांगावयास नको.

आतां रसिकांचा आक्षेप घेऊं; कारण आमचा खरा वाद त्यांच्याशींच आहे. ते म्हणतात, ज्याच्या हातांत कुंचला तोच चित्रकार. घरच्या दहा जणांनीं हात लावलेल्या चित्रास एकाचें नांव कसें द्यावें? युटोपिया प्रदेशांतील कॅथलीन पेत्यार हिला १९९६ सालीं मूळनिवासी कलेचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. पुढल्या वर्षीं तिच्या पूर्वीच्या गोऱ्या सहचरानें त्या चित्राचा बराच भाग आपण रंगविला असल्याचा दावा केला आणि एकच गिल्ला झाला. चौकशी झाली व पारितोषिक तिच्याकडेच राहिलें. आम्ही म्हणतों, दुसरा निकाल लागताच कसा? काटेरी सरड्याची ती कथा तिच्या कुळाची. कोठें कोणती वाट, कोठें कोणतें पाणी, हें तिलाच ठाऊक. आणि तें सांगण्याचा अधिकार तिचा. मैफलींत मागें तंबोरा छेडीत स्वर भरणाऱ्या शिष्यास बिदागीचा वांटा अवश्य द्यावा. परंतु गाणें कोणाचें झालें, असा वाद त्यावरून कोणी घालीत नाहीं. येथें एक गोष्ट मात्र आम्ही स्पष्ट कबूल करितों. ‘कुटुंबाचा हात’ ह्या सबबीखालीं कित्येक दलालांनीं म्हाताऱ्या चित्रकारांच्या नांवावर भलत्याचीं चित्रें खपविलीं आहेत. परंतु त्यावर उपाय कुटुंबाची बाजू भक्कम करणें हा आहे, कुटुंबास संशयाच्या पिंजऱ्यांत उभें करणें हा नव्हे. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्यांत कसली आली आहे रसिकता?

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. घराणें म्हटलें कीं साचा आला, आणि साचा आला कीं कला गोठते. शिवाय आप्तांचा लोंढाच कलावंतास खाऊन टाकतो. ह्या दोन्ही गोष्टी घडतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. पोटासाठीं भराभर रंगविलेलीं, जीव नसलेलीं चित्रें तेथेंहि निघतात, जशीं नुसत्या ताना फेकणारीं गाणीं येथेंहि होतात. वाईट चित्रास वाईट म्हणावें. त्याला कोणाची मनाई आहे? परंतु तें वाईट असेल तर रंग मेला म्हणून, रेघ चुकली म्हणून, डोंगराचें वजन कागदावर उतरलें नाहीं म्हणून वाईट. तो डोंगर आजानेंहि काढला होता म्हणून नव्हे. आणि घराणें गोठतेंच असें म्हणणाऱ्यांनीं आल्बर्टचा पणतू व्हिन्सेंट ह्याच्याकडे पाहावें. १९८३ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं पणज्याचा कॉपीराइट विकला गेला त्याच वर्षीं, तो जन्मला. लहानपणीं आई वारली, आणि सरकारी व्यवस्थेनें त्याला दूर पर्थकडे परक्यांच्या घरीं वाढविण्यास दिलें; म्हणजे तोडण्याचा तोच प्रयोग त्याच्यावरहि झाला. मोठेपणीं तो हर्मन्सबर्गला परत आला, आत्याच्या हाताखालच्या मडक्यांवर रंग चढतांना पाहूं लागला, आणि पणजा कोण होता हें त्याला उमगलें. तो डोंगर रंगवीत बसला नाहीं. माणसांचे चेहरे रंगवूं लागला. राजे, राण्या, मंत्री, धनाढ्य आणि त्यांच्या शेजारीं आपल्या कुळांतील माणसें, सर्वांचीं तोंडें तो सारख्याच निर्भयपणें काढतो. २०२० सालीं ऑस्ट्रेलियांतील आर्चिबाल्ड पारितोषिक त्याला मिळालें; जवळजवळ शंभर वर्षांच्या इतिहासांत तें मिळविणारा तो पहिला मूळनिवासी. २०२४ सालीं एका अतिश्रीमंत खाणमालकिणीचें त्यानें काढलेलें चित्र राष्ट्रीय कलासंग्रहांतून काढून टाकावें अशी मागणी झाली, आणि संग्रहालयानें ती मानली नाहीं. ज्याच्या पणज्याला घर बांधण्यास जागा मिळाली नाहीं, त्याच्या चित्रास राष्ट्राच्या घरांतून हलविणें आतां धनिकांसहि साधत नाहीं. वारसा म्हणतात तो हा. इल्त्या न्त्यारांतील नातवंडांनीं पणतूसारखें झालें पाहिजे, असा मात्र ह्याचा अर्थ कोणी करूं नये. एकानें डोंगर राखला, दुसऱ्यानें ताठ मान राखली. ऐवज एकाच घरचा.

ही परदेशची हकीकत वाचून ‘बिचारे!’ असें म्हणत मासिक मिटूं पाहणाऱ्या वाचकांस आमची एक विनंति आहे. त्यांनीं आपल्याच दिवाणखान्याच्या पडद्याकडे, चहाच्या पेल्याकडे, लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेकडे एकवार पाहावें. तेथें वारल्यांचा तारपानृत्याचा फेर दिसण्याचा पुष्कळ संभव आहे. डहाणूकडील वारली पाड्यांत लग्नघरच्या भिंतीवर सवाशिणींनीं चौक लिहावा, त्यांत पालघट देवीस बसवावें, ही जुनी रीत. जिव्या सोमा म्हसे ह्यांनीं ती कला कागदावर आणिली, २०११ सालीं ते पद्मश्री झाले, २०१८ सालीं वारले. त्यांचे मुलगेहि चित्रकार. २०१४ सालीं वारली चित्रकलेस भौगोलिक निर्देशनाचें सरकारी संरक्षणहि मिळालें. असें असतां आपल्या पेल्यावरील चित्र कोणी काढलें, त्याचा मोबदला कोठल्या पाड्यावर पोंचला, हा प्रश्न आपल्यापैकीं किती जणांनीं दुकानदारास विचारला आहे? ऑस्ट्रेलियांत २०२२ सालीं सरकारी आयोगानें पाहणी केली तेव्हां असें आढळलें कीं, मूळनिवासी कलेच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या स्मरणवस्तूंवर गिऱ्हाइकें जो पैसा खर्च करितात, त्यांतील निम्म्याहून अधिक पैसा खोट्या वस्तूंवर जातो. त्यांनीं निदान मोजून पाहिलें. आम्हीं आमचें घर मोजलेलें नाहीं.

तात्पर्य, कुटुंब ही कलावंताच्या चरित्रांतील शेवटच्या पानावरची तळटीप आहे, ही समजूत टाकून दिली पाहिजे. ह्या कलेच्या बाबतींत तरी कुटुंब हें चित्राचें मूळ, चित्राचा आधार आणि चित्राचें मालक आहे. आजास मानपत्र द्यावयाचें आणि नातवास भिकारी ठरवावयाचें, हा मान नव्हे. ती आजाचीच विटंबना आहे, कारण आजानें जें जपलें तें नातवाच्या हातीं द्यावयाचें म्हणूनच जपलें होतें. तेव्हां पुढल्या खेपेस एखाद्या नातवानें आजाचाच डोंगर काढलेला दिसला, तर वाचकांनीं ‘ह्यांत नवीन काय?’ असें विचारण्यापूर्वीं क्षणभर थांबावें आणि दुसरा एक प्रश्न विचारावा : हा डोंगर कोणाचा? त्याचें उत्तर मिळालें म्हणजे कुंचला कोणाच्या हातांत शोभतो हेंहि आपोआप कळेल.